डॉल्फिन एम्युलेटर : वी रिमोटचा पॉइंटर दिवेलागणीनंतर डावीकडे पळतो

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे जुना वी (निन्टेंडोचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) आहे, मामाने सिंगापूरहून आणलेला. चालू होतो, मेनू येतो, पण आता डिस्क वाचत नाही. डिस्कच्या प्रती आधीच करून ठेवल्या होत्या, म्हणून लॅपटॉपवर डॉल्फिन (वीचे गेम संगणकावर चालवणारा एम्युलेटर प्रोग्राम) टाकून एचडीएमआयने टीव्हीला जोडलंय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा रोज संध्याकाळी वी स्पोर्ट्समधलं बोलिंग खेळतात. डॉक्टरांनी उभं राहून हालचाल करा म्हणून सांगितलंय आणि या खेळाच्या निमित्ताने ते आनंदाने उभे राहतात. त्यामुळे हे नीट चालायलाच हवं.

अडचण अशी आहे. रिमोट मूळ निन्टेंडोचा आहे. ब्लूटूथ डोंगलने जोडला जातो, बटणं सगळी चालतात, बॉल टाकताना हात फिरवला की तोही बरोबर टिपला जातो. मात्र मेनूत निवड करताना पडद्यावरचा हात जागेवर राहत नाही. दुपारी बऱ्यापैकी चालतो, पण संध्याकाळी झटके मारत डावीकडे आणि खाली घसरतो, शिवाय रिमोट सरळ धरला तरी हाताचं चित्र तिरकं होतं. बाबा मग वैतागून खाली बसतात. सेन्सर बार, म्हणजे रिमोटला नेम धरायला लागणारी दिव्यांची पट्टी, ऑनलाइन घेतलेला, यूएसबीवर चालणारा आहे आणि टीव्हीच्या खाली ठेवलाय. सोफा टीव्हीपासून साधारण दोन मीटरवर आहे. सेल नवे घातले, फरक नाही. रिमोटऐवजी माउस लावला तर पॉइंटर अगदी व्यवस्थित फिरतो.

दुसरी तक्रार म्हणजे मधूनच रिमोटचं कनेक्शन तुटतं. पण आधी पॉइंटर.

चिंचवडकर

डॉल्फिनच्या कॉन्फिगमध्ये वी टॅब उघडा. तिथे सेन्सर बार पोझिशन ‘बॉटम’ आहे ना ते पाहा. बार खाली आणि सेटिंग वरचं असेल तर पॉइंटर वर-खाली चुकतो. तिथेच आयआर (इन्फ्रारेड) सेन्सिटिव्हिटीची पट्टी आहे, ती थोडी कमी करून बघा. नाहीच जमलं तर मेफ्लॅशचा डॉल्फिनबार घ्या, ब्लूटूथ आणि इन्फ्रारेड दोन्ही एकातच येतं. तो मोड ४ वर ठेवायचा.

हत्यारपेटी (सांगली)

गोदाकाठताई, नवीन काही विकत घ्यायची घाई करू नका. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान बहुतेक त्यातच आहे.

रिमोट दोन वेगवेगळी कामं करतो. हात फिरवल्याचं त्याला आतल्या अ‍ॅक्सेलरोमीटरमुळे (हालचाल मोजणाऱ्या चिपमुळे) कळतं आणि त्यासाठी समोर टीव्ही आहे की भिंत, याने काही फरक पडत नाही. वी स्पोर्ट्सचं बोलिंग यावरच चालतं. पॉइंटरचं काम मात्र रिमोटच्या टोकाला, काळ्या प्लॅस्टिकमागे असलेला इन्फ्रारेड कॅमेरा करतो. बॉल नीट पडतोय म्हणजे ब्लूटूथवरून माहिती येतेय. माउसने पॉइंटर नीट फिरतोय म्हणजे डॉल्फिन आणि गेमही ठीक आहेत. उरतो तो कॅमेरा आणि कॅमेऱ्याला समोर दिसणारा उजेड.

बारमध्ये नुसते इन्फ्रारेड एलईडी असतात. दोन टोकांना दोन झुपके, मध्ये वीतभर अंतर. तो लॅपटॉपला काहीही कळवत नाही, फक्त वीज घेतो. रिमोटचा कॅमेरा एका वेळी जास्तीत जास्त चार ठिपके टिपतो आणि त्यांच्या जागा १०२४ बाय ७६८ च्या चौकटीत मोजून पाठवतो. चित्र जात नाही, फक्त आकडे जातात. त्यातले बारचे दोन कोणते, हे पुढे गेमने ठरवायचं. तिसरा तेजस्वी ठिपका दिसला की तिथेच घोळ सुरू होतो.

आता तुमचं लक्षण उलट्या बाजूने वाचू. समजा गेमने बारचं एक टोक सोडून त्याच्या उजवीकडचा कुठलातरी परका उजेड धरला. दोघांचा मध्य उजवीकडे सरकला. कॅमेऱ्याला बार उजवीकडे दिसतोय, म्हणजे रिमोट बारच्या डावीकडे रोखलेला आहे, असा हिशेब होतो आणि पॉइंटर डावीकडे जातो. तो उजेड बारपेक्षा उंचावर असेल तर त्याच न्यायाने पॉइंटर खाली जाणार. दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा तिरपी झाली की रिमोटच मनगटात वळवलाय असं गेमला वाटतं, म्हणून हाताचं चित्र कलतं. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी एकदम होताहेत.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच : सोफ्यावरून पाहिलं तर टीव्हीच्या उजव्या बाजूला, बारपेक्षा उंचावर, संध्याकाळी काय पेटतं? जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, हॅलोजन, बारीक दिव्यांची माळ, पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन, यातलं काहीही असू शकेल. घरातले पांढरे एलईडी दिवे सहसा त्रास देत नाहीत, त्यांच्या उजेडात इन्फ्रारेड जवळपास नसतो. तापलेली तार आणि ज्योत यांच्यात मात्र भरपूर असतो. शिवाय काचेचं शोकेस, फोटोची काच, चकचकीत टीपॉय यांच्यावरून बारचंच प्रतिबिंब परत येऊ शकतं.

तपासायला तुमचा जुना वीच उत्तम उपकरण आहे, टाकून देऊ नका. रिमोट लॅपटॉपवरून तोडून सेलच्या झाकणाखालच्या लाल बटणाने वीशी जोडा. वीच्या ऑप्शन्समध्ये सेन्सर बार आणि मग सेन्सिटिव्हिटी उघडा. रिमोटला दिसणारे ठिपके तिथे पडद्यावर जसेच्या तसे दिसतात. दोनच स्थिर ठिपके हवेत. संध्याकाळी तिसरा दिसला तर एकेक दिवा हाताने झाकत जा. जो झाकल्यावर तिसरा ठिपका जाईल, तोच आपला. वीशी जोडलं की रिमोट लॅपटॉपला विसरतो, म्हणून नंतर डॉल्फिनमधून पुन्हा जोडून घ्यावा लागेल.

चिंचवडकरांनी सांगितलेली बार पोझिशन एकदा पाहाच. पण ते सेटिंग चुकलं असतं तर पॉइंटर दुपारीही तेवढाच चुकला असता.

गोदाकाठ

हत्यारपेटीदादा, तुमचा प्रश्न वाचला आणि मान उजवीकडे वळवली. टीव्हीच्या उजव्या भिंतीवर देव्हारा आहे! जाळीच्या दारांचा. दिवेलागणीला आई समई लावते आणि ती रात्री जेवणं होईपर्यंत तेवत असते. बाबांची खेळायची वेळ नेमकी तीच.

वीच्या पडद्यावर पाहिलं. खाली दोन ठिपके आणि वर उजवीकडे तिसरा, किंचित थरथरणारा. देव्हाऱ्यासमोर पाट आडवा धरला की तिसरा गायब. एका ज्योतीने एवढं होतं?

समई तर काही बंद होणार नाही. आईला मी तसं सांगणारही नाही. मग सेन्सिटिव्हिटी कमी करू का?

हत्यारपेटी (सांगली)

समई मुळीच बंद करायची नाही. आईंच्या वेळेत आणि बाबांच्या वेळेत कशाला भांडण लावायचं!

एका ज्योतीने होतं, कारण कॅमेऱ्यापुढे इन्फ्रारेड सोडून बाकीचा उजेड अडवणारा गाळणा असतो. आपल्याला मंद वाटणारी ज्योत त्याला एलईडीइतकीच ठळक दिसते. बार बंद करून स्टुलावर वीतभर अंतराने दोन निरांजनं लावली तरी पॉइंटर चालतो. बार खराब आहे की रिमोट, हे ओळखायला मी हीच चाचणी करतो. निरांजनांवर चाललं तर रिमोट निर्दोष. फक्त टीव्ही आणि पडदे यांच्यापासून लांब ठेवा.

सेन्सिटिव्हिटीने इथे काम होणार नाही. ती कमी केली की अंधूक प्रतिबिंबं गळतात, पण ज्योत अंधूक नाही. ती गळेपर्यंत तुमचा बारही गळेल, कारण यूएसबीच्या स्वस्त बारांमध्ये एलईडी कमी आणि मंद असतात. तेव्हा दोन गोष्टी करा.

समई देव्हाऱ्यातच, पण टीव्हीकडच्या लाकडी बाजूला किंवा आत अशी सरकवा की सोफ्यावरून ज्योत थेट दिसणार नाही. जाळीतून दिसत असेल तर त्या अर्ध्या जाळीला आतून पुठ्ठा लावा, ज्योतीपासून पुरेसं अंतर ठेवून. पातळ पडद्यावर विसंबू नका, डोळ्याला अडणारं कापड इन्फ्रारेडला बरेचदा आरपार जाऊ देतं.

दुसरं, वीचा मूळ बार वापरा. त्याची पिन वेगळी असल्याने लॅपटॉपला लागत नाही, पण वायर कापायची गरज नाही. बार वीलाच लावून वी नुसता चालू ठेवायचा आणि खेळायचं लॅपटॉपवर. वी स्टँडबायला गेला तर बार विझतो, एवढं लक्षात ठेवा. तोही नको असेल तर घरी करता येतो : ९४० नॅनोमीटरचे तीन इन्फ्रारेड एलईडी आणि ६८ ओहमचा रेझिस्टर एका ओळीत, पाच व्होल्टवर. अशा दोन ओळी, दोन टोकांना. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला हे किरकोळ मिळतं. पेटलाय की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचं, एलईडी जांभळट दिसतात. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसत नाही, तेव्हा सेल्फीचा वापरून पाहा.

आता कनेक्शन तुटण्याचं. डोंगल लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये आहे का, आणि शेजारी हार्ड डिस्क लावलेली असते का? यूएसबी ३ च्या वायरींतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. उपाय स्वस्त आहे : मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल लॅपटॉपपासून लांब, बाबा उभे राहतात तिकडे तोंड करून ठेवा. डॉल्फिनमध्ये ‘कंटिन्युअस स्कॅनिंग’ चालू ठेवा, म्हणजे तुटलं तरी १ आणि २ ही बटणं एकत्र दाबून परत जोडता येतं. विंडोजच्या ब्लूटूथ खिडकीतून रिमोट जोडायच्या भानगडीत पडू नका. ती पिन कोड मागत बसते. जोडणी डॉल्फिनला करू द्या.

टीव्हीला गेम मोड असेल तर तोही लावा. बॉल सोडायचं बटण नेमक्या क्षणी सोडावं लागतं आणि टीव्हीने चित्र उशिरा दाखवलं तर वयस्कर माणसाला वाटतं की आपलाच हात चुकतोय.

गोदाकाठ

हार्ड डिस्क शेजारीच होती. वायर आणली, कनेक्शन टिकतंय. समई देव्हाऱ्यातच डावीकडे सरकवली, तिकडची बाजू भरीव लाकडाची आहे. मूळ बार लावला. हात आता खिळल्यासारखा थांबतो. बाबांनी आज सलग स्ट्राइक मारल्या आणि मेनूत कुणाची मदत घेतली नाही. मनापासून आभार, दादा.

रात्रपाळी (न्यू जर्सी)

धागा फार कामाचा निघाला. त्यातच विचारतो. माझ्याकडे वी रिमोट नाही, ड्युअलशॉक ४ (सोनीच्या प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर) आहे. हा कंट्रोलर विंडोजला जोडणाऱ्या डीएस४विंडोज प्रोग्रामचा, हालचालीची माहिती पाठवणारा यूडीपी सर्व्हर पोर्ट २६७६० वर चालू केलाय, डॉल्फिनमध्ये आल्टरनेट इनपुट सोर्सेसमध्ये ती माहिती घेणारा डीएसयू क्लायंट जोडलाय. मोशन येतंय. पण पॉइंटर हळूहळू बाजूला वाहत जातो. समई नाही, बारही नाही. मग हे कशामुळे? कंट्रोलरचा निळा दिवा बारसारखा वापरता येईल का?

हत्यारपेटी (सांगली)

निळ्या दिव्याचा इथे उपयोग नाही. तो सोनीच्या कॅमेऱ्याने कंट्रोलरकडे बघण्यासाठी आहे आणि आपल्याला कंट्रोलरने बाहेर बघायला हवंय. ड्युअलशॉकला तसा डोळाच नाही.

तुमचा पॉइंटर जायरोवर चाललाय. जायरो ‘मी किती वेगाने वळतोय’ एवढंच सांगतो, डॉल्फिन त्याची बेरीज करत जाऊन दिशा काढतं. टेबलावर निश्चल ठेवलेला जायरोही शून्याच्या आसपास काहीतरी आकडा देत असतो. तो बेरजेत साठत जातो. वर-खालीची चूक अ‍ॅक्सेलरोमीटर दुरुस्त करतो, कारण त्याला गुरुत्वाकर्षणामुळे खाली कुठे ते कायम ठाऊक असतं. डावं-उजवं दुरुस्त करायला त्याच्याकडे काही नाही, म्हणून पॉइंटर आडवाच वाहतो. मूळ वीमध्ये ती खूण बारच्या उजेडाने मिळायची.

म्हणून वाहणं कमी करता येतं, मुळापासून घालवता येत नाही. डॉल्फिनच्या मोशन इनपुट टॅबमध्ये जायरोचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं शून्य ठरवणं, आहे. सुरू करताना कंट्रोलर घट्ट टेबलावर ठेवा आणि क्षणभर हात लावू नका. गादीवर किंवा मांडीवर नको. वी स्पोर्ट्स रिसॉर्ट हा गेम रिमोट सपाट जागी उपडा ठेवायला सांगतो, तो याचसाठी. डेड झोन (ज्याखालची बारीक हालचाल धरलीच जात नाही ती मर्यादा) थोडा वाढवा, पण फार नाही, नाहीतर हळू नेम धरताना पॉइंटर चिकटल्यासारखा वाटेल.

आणि त्याच टॅबमध्ये पॉइंटच्या खाली ‘रिसेंटर’ आहे, ते डाव्या काडीच्या दाबावर म्हणजे एल३ वर द्या. टीव्हीच्या मध्यावर रोखून दाबलं की पॉइंटर मध्यावर येतो. नेम धरायचे गेम खेळताना दर फेरीच्या सुरुवातीला दाबायची सवय लावून घ्या.