मदत हवी आहे: उभ्या टचस्क्रीनवर लिसजीडीला (स्वाइप ओळखणारा प्रोग्राम) आडवा स्वाइप उभा वाटतोय

नमस्कार मंडळी,

बाबा (वय ७४) आमच्या कोथरूडच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. अभंगांच्या चाली त्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत उतरवून ठेवल्यात. त्या वह्या स्कॅन करून मी एका जुन्या टॅबलेटवर टाकल्या. टॅबलेट २ जीबी रॅमचा, काच पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) बदलून घेतलेली. त्यावर डेबियन १२ (लिनक्स) आणि एक्सएफसीई डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारी जुनी एक्स११ प्रणाली.

अडचण पान उलटण्याची आहे. पेटी वाजवताना उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. कडवं संपलं की डावा हात क्षणभर सुटतो, आत उरलेल्या हवेवर सूर टिकतो, आणि तेवढ्यातच पान उलटायला हवं. कृपया पायाचं पेडल सुचवू नका, बाबा मांडी घालून बसतात. बोटं थोडी थरथरतात, त्यामुळे पडद्यावरचं बटण नेमकं सापडत नाही. स्वाइप मात्र जमतो.

आधी लिबइनपुट-जेस्चर्स हा प्रोग्राम टाकून पाहिलं आणि एक संध्याकाळ वाया गेली. लिबइनपुट (लिनक्समध्ये टचपॅड, टचस्क्रीन वाचणारा भाग) स्वाइप-पिंच ओळखतं ते फक्त टचपॅडवर. टचस्क्रीनचे नुसते स्पर्श पुढे पाठवतं. म्हणून लिसजीडीकडे वळलो. सी मधला छोटासा प्रोग्राम आहे, स्पर्श वाचून स्वाइप स्वतः ओळखतो आणि आपण दिलेली कमांड चालवतो. कंपाइल केला, स्पर्श वाचायची परवानगी मिळावी म्हणून स्वतःला इनपुट ग्रुपमध्ये घातलं, डाव्या स्वाइपला एक्सडूटूलने (कळ दाबल्याचा आभास करणारी कमांड) ‘पेज डाऊन’ जोडलं. टॅबलेट आडवा असताना सगळं सुरळीत.

पण वहीचं पान उभं. एक्सरँडर कमांडने पडदा फिरवला की घोळ होतो. स्पर्शाचे आकडे दाखवणारी लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स कमांड लावून पाहिली: बोट आडवं ओढलं तरी एक्स जवळपास जागच्या जागी, वाय मात्र पळतो. शिवाय:

– रीबूटनंतर टचस्क्रीनच्या डिव्हाइस फाइलचं नाव कधी इव्हेंट ६, कधी इव्हेंट ८ होतं.
– बाबांचा हात सावकाश आणि जरा तिरका फिरतो, त्यामुळे दहातले तीन-चार स्वाइप धरलेच जात नाहीत.
– पान उलटतं, पण त्याच स्पर्शाने नवं पान अर्धवट सरकतंही.

पालख्या पुण्यात मुक्कामाला येतील तेव्हा मंडळाचं भजन आहे. त्याआधी हे बसवायचंय. कुणी केलंय का?

प्रतिसाद १:

दादा, पडदा फिरवलेला लिसजीडीला कळत नाही, ते सांगावं लागतं. त्यासाठी ‘ओ’ पर्याय आहे: ० ते ३, दर आकड्याला ९० अंश. तुमच्याकडे १ किंवा ३ लागेल, करून बघा.

इव्हेंटचा आकडा वापरूच नका. यूडेव्हमध्ये (डिव्हाइसना नावं देणारा लिनक्सचा भाग) डिव्हाइसच्या नावावरून नियम लिहा, कायमची सिमलिंक (न बदलणारं दुसरं नाव) मिळेल, तीच लिसजीडीच्या ‘डी’ पर्यायाला द्या.

सावकाश हातासाठी ‘एम’ पर्यायाची वेळ मिलिसेकंदांत वाढवा. तिरकेपणाची सूट ‘आर’ने अंशांत वाढते. तिरका स्वाइप हा वेगळा जेस्चर म्हणूनही जोडता येतो. त्यालाही ‘पेज डाऊन’च द्या, थरथर असली तर याचा चांगला उपयोग होतो.

शेवटच्या अडचणीचं कारण: लिसजीडी स्पर्श अडवत नाही, तोच स्पर्श पीडीएफच्या खिडकीपर्यंतही पोचतो. सलग पानं बंद करा आणि पूर्ण पान मावेल असं ठेवा. सरकायला जागाच नसली की सरकणार नाही.

आणि वेलँडवर (एक्स११च्या जागी आलेली नवी प्रणाली) जाऊ नका, एक्सडूटूल तिथे नीट चालत नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार! ‘ओ’ १ केल्यावर पान उलट्या दिशेने जायला लागलं, ३ वर बरोबर बसलं. ‘एम’ १५०० आणि ‘आर’ ३० ठेवलंय, तिरकं वेगळं जोडलं नाही. सिमलिंक केल्यावर चार वेळा रीबूट करून पाहिलं, टिकतेय. पूर्ण पान मावलं की अक्षर बारीक होतं, म्हणून स्कॅनचे चारही बाजूंचे कोरे समास कापून टाकले.

काल रात्री बाबांनी सलग अकरा पानं वाजवली. एकदाच चुकलं, तेही भात्याला लागलेल्या बाहीचा काचेला स्पर्श झाला म्हणून. स्वाइप फक्त उजव्या कडेपासून सुरू झाला तरच धरायचा, असं कडेचं बंधन आता घालतोय. कुणी ते वापरत असेल तर सांगा: थरथरत्या बोटाला कड चुकते का?