मदत हवी आहे: लिनिएज ओएसवाला जुना फोन बदलायचाय, पुढे काय घेऊ?

मंडळी, माझा २०१८ चा फोन आता खरंच थकलाय. कंपनीचे अपडेट कधीच बंद झालेले, पण लिनिएज ओएस (अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टीम) टाकून इतकी वर्षं मस्त चालवला. आता बॅटरी दुपारीच संपते, चार्जिंगचं पोर्ट ढिलं झालंय आणि कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याला ओरिजिनल बॅटरी मिळत नाहीये.

गूगलचा सेकंडहँड पिक्सेल ८ए घेऊन त्यावर ग्राफीन ओएस (सुरक्षेवर भर देणारी अँड्रॉइडवर आधारलेली सिस्टीम) टाकावं असं मनात आहे, कारण त्या फोनला २०३१ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत आणि ग्राफीन टाकल्यावर बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा प्रोग्राम, दुसरी सिस्टीम टाकायला तो अनलॉक करावा लागतो) परत लॉक करता येतो, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. भीती एकच, बँकेची ॲप आणि यूपीआय. प्ले इंटिग्रिटीच्या (फोनच्या सिस्टीममध्ये बदल केलेला नाही ना हे ॲपसाठी पाहणाऱ्या गूगलच्या) तपासणीत आत्ताच एक बँक ॲप उघडत नाही, त्यामुळे आईला पैसे पाठवायचे तरी लॅपटॉप काढावा लागतो.

कोणी भारतात ग्राफीनवर रोज यूपीआय वापरतंय का? कुठल्या बँकेचं ॲप नीट चालतं? आणि सेकंडहँड घेताना फोन अमेरिकेतल्या व्हेरायझन या मोबाईल कंपनीचा नाही ना हे दुकानातच कसं ओळखायचं, कारण त्यांच्या फोनचा बूटलोडर अनलॉकच होत नाही. बजेट पंचवीस हजार. प्लीज स्वतः वापरलं असेल तर सविस्तर सांगा.