अनुभव धागा: अंगावर काढलेले दिवस आणि डॉक्टरांची पहिली भेट

ताप तीन दिवसांत उतरला नाही की आपण दवाखान्यात जातो. मी मात्र पाच महिने झोपेविना अंगावर काढले. ऑफिस, डबा, मुलाचा अभ्यास सगळं चालू होतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही. शेवटी ताई मुलुंडहून आली आणि मला हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. ते पाच महिने वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

काय होत होतं, किती दिवस अंगावर काढलंत आणि पहिल्या भेटीपर्यंत कसे पोहोचलात, ते लिहा. नाव नको, फक्त वय आणि ठिकाण. गोळ्यांची नावं कृपया लिहू नका, वाचून कोणीतरी विकत आणेल. आणि जगणंच नको असं आत्ता कोणाला वाटत असेल तर इथे लिहीत बसू नका, १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पुरुष, ३४, नालासोपारा

चर्चगेटहून विरार फास्ट. अंधेरी सुटल्यावर अचानक छाती धडधडायला लागली, हात गार पडले, बोटांना मुंग्या आल्या. वाटलं, बोरिवलीपर्यंत काही आपण पोहोचत नाही. उतरलो, रिक्षा केली, ईसीजी काढला. नॉर्मल. दोन महिन्यांत असे तीन ईसीजी झाले, तिन्ही नॉर्मल. तिसऱ्या वेळी ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "हे गाडीतच होतं का तुम्हाला?" तोवर कोणी हे विचारलंच नव्हतं. त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञ मॅडमच्या नावे चिठ्ठी दिली.

निदान झालं पॅनिक अटॅक. मॅडमनी समजावलं की ही लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला जाते आणि आपोआप ओसरते. खरा घोळ पुढे होतो: पुन्हा होईल या धास्तीने माणूस गाडीच सोडतो आणि धास्ती आणखी पक्की होते. मीही सोडली होती, दोन-दोन तास बसने जात होतो.

गोळ्या होत्याच, पण खरं काम गाडीतच झालं. पहिला आठवडा दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने नालासोपारा ते वसई, एकच स्टेशन. धडधड झाली तरी मध्ये पळायचं नाही, ओसरेपर्यंत थांबायचं. मग नायगाव. मग भाईंदर. खाडीच्या पुलावर पहिल्यांदा घाम फुटला, मी दांडा घट्ट धरून आकडे मोजत राहिलो. भाईंदर येण्याआधीच उतरली ती लाट. आता विरार फास्टने जातो. उभा मात्र अजून दाराजवळच राहतो.

स्त्री, २९, डोंबिवली

बाळंतपणानंतर सगळे म्हणायचे, किती गोड बाळ. मला काहीच वाटत नव्हतं. बाळ रडलं की मीही रडायचे, आणि आपण वाईट आई आहोत हे मनात पक्कं बसलेलं. प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगितलं तर "होतं असं" म्हणून पुढचा पेशंट बोलावला. दीड महिना असाच गेला.

सासूबाई एकदा माझ्या डोक्याला तेल लावत होत्या. म्हणाल्या, "तू हल्ली माझ्याशी भांडतसुद्धा नाहीस गं. काहीतरी बिनसलंय." बाळाला माझ्या आईकडे ठेवून त्याच मला घेऊन गेल्या. दूध पाजताना चालतील अशी औषधं असतात हे तिथे कळलं. पाजणं बंद करावं लागेल या भीतीनेच तर मी गप्प बसले होते.

पुरुष, ५२, लालबाग

आई गेल्यावर बाबा विसरायला लागले. वय ७८, आम्ही म्हटलं म्हातारपण. पण पेपरची घडी उघडेनात, तेव्हा मी हललो. बाबा गिरणीत होते, ८२चा संप बघितलेला माणूस, पेपराशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरायचा नाही.

केईएमच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. केस पेपर, रांग, दोन तास बाकावर. बाबा इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसलेले आणि दर पाच मिनिटांनी, "मी वेडा नाही." डॉक्टर मुलीच्या वयाची. तिने आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लिहून दिलं, कारण त्यानेही असं होतं. मग सहज विचारलं, "काका, जेवायला कोण वाढतं आता?" बाबा ओक्साबोक्शी रडले. आईच्या दिवसांतही ते रडले नव्हते.

नैराश्य निघालं. औषध लागू पडायला चार-पाच आठवडे गेले, ही गोष्ट आधी सांगितली होती म्हणून आम्ही धीर सोडला नाही.

पुरुष, २३, ठिकाण नको

जास्त लिहिता येणार नाही. रात्री दोन वाजता १४४१६ लावला. ताई शांतपणे ऐकत होत्या. सकाळी दादाला उठवून सगळं सांगितलं.

स्त्री, ४४, चेंबूर

माझी चूक सांगते. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानेच बंद केल्या. चक्कर, डोक्यात झटके, आणि दोन महिन्यांत पुन्हा तळाला. गोळ्या सुटतात, पण डॉक्टर हळूहळू कमी करतात तेव्हाच. शिवाय पहिल्या समुपदेशकाशी माझं जुळलं नाही, ते उपदेशच करायचे. दुसऱ्या बाईंकडे जुळलं. एकाकडे नाही जमलं म्हणून दार बंद करू नका.

आणि हो, मिस्टरांना दाखल करावं लागलं तेव्हा विमा कंपनीने आधी "मानसिक आजार बसत नाही" म्हणून क्लेम परत केला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं कलम २१मध्ये आहे. ते लिहून अर्ज केला, पैसे मिळाले.

धागाकर्ती

विलेपार्ल्याहून एकीने विचारलंय की पहिल्या भेटीत बोलायचं काय, शब्दच फुटत नाहीत. माझेही फुटले नव्हते. ताईने टॅक्सीत वाणसामानाच्या यादीमागे लिहून घेतलं होतं, तोच कागद मी टेबलावर सरकवला. तीन ओळी होत्या. पहाटे तीनला जाग येते. भाजीत मीठ आहे की नाही कळत नाही. ताईचा फोन उचलावासा वाटत नाही. डॉक्टरांनी कागद वाचला, ताईकडे बघितलं आणि तिसऱ्या ओळीपासून विचारायला सुरुवात केली.