पेट स्कॅन क्लीन आला म्हणजे माणूस बरा झाला का?

सुरसागर_बडोदा: काकांचा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) दोनदा केमो होऊनही परत आला, म्हणून मुंबईला कार-टी सेल थेरपी केली. रक्तातल्या टी पेशी काढून लॅबमध्ये त्यांना कॅन्सरच्या पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखायला लावतात आणि परत शरीरात सोडतात, आपल्याकडचं नेक्सकार१९ ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालं ते. आता दांडियाबाजारात घरी आहेत, स्कॅन क्लीन, नातेवाईक पेढे मागतायत. पण पेपर वाचताना चौथ्या ओळीला पहिली आठवत नाही आणि दुपारनंतर उठवतच नाही, नि फॉलोअपला ताप आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) सोडून कुणी काही विचारलं नाही. शेवटी ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची यादी मी स्वतः मिळवली. लांब चालताना त्रास होतो का, आठवायला जड जातं का, बहुतेक उत्तरं १ (अजिबात नाही) ते ४ (खूपच) मध्ये. माझं म्हणणं, हे थेरपीच्या आधीपासून भरून घ्या आणि नंतर निदान वर्षभर, दर महिन्याला.

कमाटीबाग_फिरस्ता: माझा विरोध आहे. बायकोसाठी सहा महिने केलंय हे. फॉर्म काढला की तिचा चेहरा उतरायचा, म्हणायची आज जरा विसरले होते तर तुम्ही परत आठवण करून दिलीत. आणि मुलगा शेजारी बसला की सगळीकडे १. असल्या आकड्याचं काय करायचं? ती कशी आहे ते मला कमाटीबागेत कळतं, एका फेरीत किती बाकांवर बसली त्यावरून.

रावपुऱ्याची_नर्स: काका, बाकं मोजता तेच तर हवंय, फक्त तारीख घालून लिहून ठेवा. सीडी१९ चांगल्या बी पेशींवरही (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतं, म्हणून या थेरपीत त्याही जातात, इम्युनोग्लोब्युलिन (संसर्गाशी लढणारी प्रथिनं) महिनोन्‌महिने कमी राहू शकतं, इन्फेक्शन होतात. थकवा कधीपासून वाढला हे कागदावर असेल तर डॉक्टर लवकर शोधतात. २०१७ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, दर आठवड्याला त्रास कळवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे जण निदान इतके जगले) ३१.२ महिने, बाकीच्यांचं २६.

कमाटीबाग_फिरस्ता: ताई, ते स्तन, फुप्फुस वगैरेचे पसरलेले कॅन्सर, केमोवाले. आणि तिथे त्रास वाढला की नर्सला लगेच निरोप जायचा म्हणून फायदा झाला. आमचा कागद फाइलला लागला तो लागलाच, कुणी उलटून पाहिला नाही.

सुरसागर_बडोदा: न वाचणं ही चूक वाचणाऱ्यांची, विचारणं बंद का करायचं? २८ वा प्रश्न पैशाच्या अडचणीचा आहे, काकांनी तिथे ४ केलं. घरात एका शब्दाने बोलले नव्हते, मांडवीचं दुकान विकायचं मनात धरून बसले होते. काकू तेव्हा स्वयंपाकघरात होती म्हणून खरं लिहिलं.

कमाटीबाग_फिरस्ता: हे आमच्याकडे झालं नाही कारण तिला एकटीला कधी भरू दिलंच नाही, हे खरं. यावेळी देतो. पण दर महिन्याला नाही, अपॉइंटमेंटच्या आदल्या आठवड्यात फक्त, आणि डॉक्टरांनी समोर बसून वाचला नाही तर पुढचा भरणार नाही.