उत्तर: रात्रीच्या आपोआप बॅकअपबद्दल

रोज रात्री फ्रीफाइलसिंक (फाइलींच्या प्रती जुळवून ठेवणारं सॉफ्टवेअर) मिररवर, म्हणजे दुसरी प्रत हुबेहूब मूळ फोल्डरसारखी करणाऱ्या पद्धतीवर, लावून बाहेरच्या डिस्कवर फोटो जातात म्हणजे काळजी मिटली, हे वर आलेलं मत मला अर्धंच पटतं. डिस्क बंद पडली तर मिरर वाचवतो, पण मूळ फोल्डरमधलं नुकसानही तो इमानेइतबारे पलीकडे उतरवतो. माझ्या मावसभावाकडे हेच झालं. फोटोंना टॅग लावणाऱ्या एका ॲपने आजोबांच्या स्कॅन केलेल्या फोटोंच्या फाइली बिघडवल्या. उघडल्या की वर आजोबांचा फेटा दिसायचा आणि खालचा अर्धा भाग नुसता करडा. कोणाच्या लक्षात येईपर्यंत मिररने चांगल्या प्रतींवर याच फाइली चढवल्या होत्या.

फ्रीफाइलसिंकमध्येच डिलीट झालेल्या आणि बदललेल्या फाइलींसाठी व्हर्जनिंगचा पर्याय आहे. तो चालू करून वेगळा फोल्डर दिला आणि नावात तारीख-वेळ जोडायचं निवडलं की जुनी प्रत तारखेसह तिथे राहते. जागा जास्त लागते, पण फोटो एरवी फारसे बदलत नाहीत, त्यामुळे परवडतं. आणि लाइटरूम क्लासिक (फोटो एडिट करायचं आणि लावून ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनो, त्याच्या कॅटलॉगच्या, म्हणजे नोंदींच्या फाइलीच्या, बॅकअपमध्ये फोटो नसतात, फक्त एडिटिंग वगैरेंच्या नोंदी असतात. दोन्ही वेगवेगळं घ्यायला हवं.