सदाफुली, सदापुष्पी आणि तीन ‘अर्क’

पाटीपेन्सिल:
लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. मूळ मजकुरात व्हिन्क्रिस्टीन हे औषध ‘मादागास्कर पेरीविंकल’पासून मिळतं असं आहे. भाषांतराच्या यंत्राने त्याचं चक्क ‘मादागास्करची गोगलगाय’ केलं! शब्दकोश उघडला तर खरंच, पेरीविंकल म्हणजे एक समुद्री गोगलगायसुद्धा. मग झाडाचं चित्र पाहिलं आणि हसू आलं. ही तर आमच्या जिन्याखाली तेलाच्या डब्यात लावलेली सदाफुली! आता शंका अशी: ‘सदाफुली’ लिहू की जरा भारदस्त ‘सदापुष्पी’? आणि संपादकांना पुढे ‘आयुर्वेदात सांगितलेली’ असं जोडायचंय. चालेल का?

कुंपणकाठी:
सदाफुलीच लिहा. पत्रक आईबापांनी वाचायचंय ना? हिंदीत सदाबहार किंवा सदासुहागन, तमिळमध्ये नित्यकल्याणी. मल्याळम नाव मात्र ‘शवंनारी’, म्हणजे प्रेतासारखा वास येणारी. एकाच फुलाला एकीकडे सुहागन आणि दुसरीकडे हे! आपलं नाव त्यातल्या त्यात साधं. बारा महिने फुलते, म्हणून सदाफुली.

खलबत्ता:
‘सदापुष्पी’ टाळाच. भावप्रकाशात ‘सदापुष्प’ येतं ते श्वेतार्काच्या, म्हणजे पांढऱ्या रुईच्या, नावांत. तोच आपला मांदार. सदाफुली मूळची मादागास्करची, आपल्याकडे ती बाहेरून आली. ‘आयुर्वेदात सांगितलेली सदापुष्पी’ असं छापलंत, तर शोधत गेलेला माणूस रुईच्या झाडापाशी जाऊन उभा राहील आणि एखादा तिचा चीकही काढील. संपादकांना हे स्पष्ट सांगा.

जाता जाता, रुईला संस्कृतात अर्क म्हणतात. बाटलीतला अर्क वेगळा, तो अरबी ‘अरक’वरून आला, मूळ अर्थ घाम, पाझरलेला द्रव. म्हणजे ‘सदापुष्पाचा अर्क’ म्हटलं तर नक्की काय हे विचारायलाच हवं. तिसरा अर्क वर्गात मागच्या बाकावर बसतो.

पाटीपेन्सिल:
खलबत्ता, वाचवलंत! पुढचं वाक्य असं केलंय: ‘शास्त्रज्ञांनी सदाफुलीपासून कर्करोगावरील औषधाचा शोध लावला.’ ठीक आहे ना?

भिंगवाला:
‘लावला’पाशी मी अडखळलो. शोध घेतात, शोध लावतात आणि शोध लागतो. इथे तिसरं घडलं.

१९५२ साली कॅनडातले संशोधक रॉबर्ट नोबल यांना त्यांचे डॉक्टर भाऊ क्लार्क नोबल यांनी एक पाकीट पाठवलं. आत सदाफुलीची २५ पानं. क्लार्कना ती जमैकातल्या एका रुग्णाने पाठवली होती. तिकडे मधुमेहावर या पानांचा काढा घेत. (हे क्लार्क म्हणजे इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा मदतनीस कोण होणार यासाठी झालेल्या नाणेफेकीत हरलेले, असं सांगतात. जिंकले ते चार्ल्स बेस्ट.) रॉबर्टनी उंदरांना काढा पाजून पाहिला, रक्तातली साखर काही हलली नाही. मग अर्क टोचून पाहिला तर उंदीर आठवड्याभरात जंतुसंसर्गाने मेले. का? तर त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. दुसऱ्या कोणी ‘विषारी दिसतंय’ म्हणून पाकीट कचऱ्यात टाकलं असतं. पण ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हेच उपयोगी पडेल हे नोबल आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांच्या ध्यानात आलं. १९५८मध्ये त्यांनी सदाफुलीतून विनब्लास्टीन हे औषध वेगळं केलं. अमेरिकेत एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा स्वतंत्रपणे याच झाडापाशी पोचले होते. व्हिन्क्रिस्टीन त्यांच्याकडचं, त्याला १९६३मध्ये मान्यता मिळाली.

म्हणून मी लिहीन: ‘मधुमेहावर औषध शोधताना कर्करोगावरच्या औषधाचा शोध लागला.’ आणि काढा, अर्क, औषध हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. काढ्याने काही झालं नाही, अर्काने उंदीर मेले, आणि औषध म्हणजे झाडातल्या अल्कलॉइड नावाच्या शंभरावर रसायनांपैकी एक, तेही मोजून शिरेतून द्यायचं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणाऱ्या ज्या सूक्ष्म नळ्या असतात, त्या हे औषध बनूच देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते. झाडात ते असतंही किती? ग्रॅमभर विनब्लास्टीनला सुमारे ५०० किलो सुकी पानं!

कुंपणकाठी:
औषधाच्या नावातलं ‘विन’ कुठलं?

भिंगवाला:
वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५९मध्ये झाडाला ‘व्हिन्का रोझिया’ म्हटलं, तिथलं. लॅटिनमध्ये त्याचा संबंध ‘बांधणे’शी लावतात, युरोपातल्या व्हिन्काचे वेल लांब, हारतुऱ्याला बांधायला सोयीचे. पुढे आपली सदाफुली त्या व्हिन्का गटातून काढून ‘कॅथरँथस’ या गटात घातली. झाडाचं नाव बदललं, औषधाच्या नावात माहेरचं राहिलं.

उंबरठा:
एका लेखात या प्रकाराला ‘जैवचोरी’ म्हटलंय. मादागास्करचं झाड, पैसा कंपनीला. हा शब्द पत्रकात घालावा का?

खलबत्ता:
पत्रकात नको. चर्चा मात्र व्हावी. चोरी म्हटलं की घर कोणाचं हे आधी ठरवावं लागतं. झाड मादागास्करचं, तिथल्या मलागासीत त्याला वोनेनिना म्हणतात. पण नोबलना धागा मिळाला जमैकातून, आणि तोही दुसऱ्याच रोगाचा. जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार १९९२चा, म्हणजे तोवर नफ्याच्या अशा वाटणीला कायद्यात शब्दच नव्हता. मला ‘चोरी’पेक्षा ‘वाटा न देणं’ जवळचं वाटतं. गुळगुळीत आहे, मान्य.

उंबरठा:
आमचे काका शुगरसाठी रोज सकाळी चार पानं चावतात. वर ‘यातूनच कॅन्सरचं औषध निघतं’ हेही ऐकवतात.

भिंगवाला:
काकांना उंदरांची गोष्ट सांगा. पानं बंद करायला लावा आणि डॉक्टरांना कळू द्या.

पाटीपेन्सिल:
अंतिम मसुदा: ‘व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून मिळते. हे झाड मूळचे मादागास्करचे. मधुमेहावर औषध शोधताना या झाडातल्या कर्करोगावरच्या औषधांचा शोध लागला. घरची सदाफुली चावून किंवा काढा करून मुलाला देऊ नये.’ शेवटचं वाक्य ठळक करतेय. ‘आयुर्वेदात सांगितलेली’ काढलं. संपादकांनी कारण विचारलं, त्यांना रुईबद्दल सांगितलं. आता म्हणतायत, मग रुईवर एक पत्रक करू या.