बेस कॅबिनेटचं कार्पेट काढायचंय: रेक्झिन लावू की रंग? आणि पावसाचं काय करू?

खर्ज_पंचम

नमस्कार मंडळी,

गिटारवाल्यांचे धागे इथे ढिगाने आहेत, बेसवाल्यांना कोणी विचारत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझ्याकडे बेस गिटारचं ४ बाय १० चं कॅबिनेट आहे, म्हणजे दहा इंची चार स्पीकरचं खोकं. २०१६ मध्ये मुंबईच्या एका गृहस्थांकडून जुनं घेतलं. ८ ओहम, समोर खाली दोन पोर्ट (हवेची भोकं), मध्ये एक ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर), अंगभर काळं कार्पेट. वजन ३८ किलो (ते कवटाळून वजनकाट्यावर उभा राहिलो आणि नंतर स्वतःचं वजन वजा केलं). राहायला कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सराव धायरीला, ड्रमरच्या पार्किंगमध्ये.

गेल्या जुलैत एका संगीताच्या कार्यक्रमानंतर सगळं सामान छोट्या हत्तीत भरलं. मागची ताडपत्री नीट बांधली नाही, सिंहगड रोडला तासभर अडकलो आणि टेम्पोच्या तळाला पाणी साचलं. कॅबिनेट त्यात आरामात बसलेलं. चूक आमचीच. वर मी ते दोन दिवस तसंच ठेवलं. आता खालच्या कडेचं कार्पेट सुटलंय, तळ फुगलाय आणि खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास येतो. शिवाय ए तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा सी वाजवला की आतून कुठूनतरी खर्रर्र होतं. बाकी सुरांना नाही.

प्रश्न असे:
कार्पेट काढून काय लावू? मनात बाटली-हिरवं रेक्झिन आणि कडेला क्रीम पट्टी आहे, जुन्या स्कूटरच्या सीटसारखी. बँडमधले म्हणतात रंग दे.
नुसतं कव्हर शिवून भागेल की फ्लाइट केस (प्रवासाची टणक पेटी) करावी?
पुढच्या जाळीत बँडचं नाव कापून घेता येईल का?

बजेट ८-१० हजार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला_पाहुणा

फोटो टाका आधी.

खर्ज_पंचम

टाकले. तळाच्या कडेवर नख दाबलं तर रुततं. दुसऱ्या फोटोत ती खूण दिसेल.

रंधा

नख रुतलं तिथेच निकाल लागला. हा प्लाय नाही, भुश्याचा बोर्ड आहे, वरून कार्पेट असल्यामुळे कळलं नाही इतकंच. प्लाय भिजला तर थर सुटतात, पण नख असं लोण्यासारखं जात नाही. आणि फुगलेला भुसा वाळला तरी परत बसत नाही. त्यावर हिरवं रेक्झिन लावलंत तर सहा महिन्यांत कडेला पोट येईल. तेव्हा रेक्झिन की रंग हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी तळ बदला.

मी फर्निचरचं काम करतो, स्पीकरची खोकी हौसेने चार-पाच केली आहेत. बाजूच्या फळ्या ठणठणीत असतील तर फक्त तळ बदलून भागेल. टिंबर मार्केटला जा आणि १८ एमएमचा बर्च प्लाय मागा. महाग वाटला तर बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा), म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला घ्या. पण शिक्क्यावर विसंबू नका. तुकड्याच्या कडा चारही बाजूंनी बघा, थरांमध्ये पोकळी दिसली तर नको म्हणा. मग नाण्याने सगळ्या पाटावर टकटक करा. आवाज एकदम पोकळ झाला की आत भोक आहे. फर्निचरमध्ये ते खपून जातं, स्पीकरच्या खोक्यात तेच भोक गुणगुणायला लागतं.

आतली मापं मिलिमीटरनेही बदलू नका म्हणत नाही, पण जुनी फळी १५ ची असेल आणि नवी १८ ची, तर वाढीव ३ एमएम बाहेरच्या बाजूला जाऊ द्या. आतली जागा आणि पोर्टची लांबी-रुंदी यावर त्या खोक्याचा सूर ठरलेला असतो. सांध्याला पांढरा फेविकॉल, वॉटरप्रूफ जातीचा, आणि स्क्रू. आतून सगळ्या सांध्यांवर पुन्हा एक फेविकॉलची रेघ ओढा. नव्या फळीच्या कापलेल्या कडांना सीलर दोन हात मारा, पाणी तिथूनच चढतं.

आता रेक्झिन. जुनं कार्पेट हीट गनने गरम करत पत्र्याच्या पट्टीने खरवडा, डिंक मऊ पडून सोबत येतो. नवीन चिकटवायला फेविकॉलचंच एसआर ९९८. फळीला आणि रेक्झिनच्या पाठीला, दोन्हीकडे लावायचं, मग थांबायचं. बोट लावलं तर चिकटू नये पण ओढ लागावी, तेव्हा बसवायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मधून सुरुवात करून कडांकडे जा. गॅलरीत करा, त्याचा वास डोक्यात जातो आणि तो पेटतोही. जवळपास गॅस, समई काही नको.

जोड दिसू नये म्हणून एक युक्ती: दोन तुकडे जिथे मिळतात तिथे ते एकमेकांवर इंचभर चढवा, खालच्याला त्या इंचात डिंक लावू नका. पोलादी पट्टी ठेवून नव्या कोऱ्या ब्लेडने दोन्ही थर एकाच दमात कापा. वरची कात्रण काढा, वरचा तुकडा उचलून खालची काढा, मग डिंक लावून दाबा. कडेला कड अशी भिडते की नख फिरवून शोधावं लागतं. हात थांबला किंवा ब्लेड बोथट असलं की संपलं.

तुतारीवाला

रेक्झिनचे एवढे लाड कशाला? गणपतीतल्या डीजेच्या भिंती बघा. पाऊस, गुलाल, ट्रॉलीचे धक्के, सगळं झेलतात. त्यांना दाणेदार काळा रंग असतो. वॉटर-बेस्ड टेक्स्चर रंग आणतात, जाळीदार स्पंजचा रोलर घेतात, दोन-तीन हात मारतात. घासलं तर त्याच जागी परत रोलर. रेक्झिन फाटलं की फाटलं.

खर्ज_पंचम

@रंधा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, वाचनखूण साठवली.
@तुतारीवाला, मुद्दा पटतो हो, पण मला तो हिरवा रंग हवाच आहे. यात शास्त्र काही नाही.

गॅरेज_गणू

गाडीच्या खाली मारतात ते अंडरकोटिंग मार ना. पाणी टिपूसभर जाणार नाही. माझ्या मित्राने केलंय.

रंधा

कृपा करून नको. डांबराच्या जातीचं असेल तर पुण्याच्या एप्रिलमध्ये मऊ पडतं. कॅबिनेट भिंतीला टेकवलंत तर भिंत काळी, पँट टेकली तर पँट. गाडीच्या पोटाखाली कोणी हात लावत नाही म्हणून तिथे चालतं.

चौथी_तार

मी गेली अकरा वर्षं बेस वाजवते, त्यातली सात वर्षं स्वतःचं २ बाय १० स्वतः उचलते. त्यामुळे फ्लाइट केसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय, विसरा. ९ एमएम प्लाय, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, गोल कोपरे, फुलपाखरू कड्या, आत फोम हे सगळं मिळून तुमच्या ३८ किलोवर किती चढेल याचा विचार करा. विमानाने किंवा ट्रकने दुसऱ्यांच्या हातून सामान जाणार असेल तर केस हवी. धायरीला जायला कव्हर पुरे.

कव्हर नाना पेठेत सीटकव्हरवाल्यांकडून शिवून घ्या. गिटारच्या दुकानात विचारलंत तर आधी समजावण्यात अर्धा तास जातो. सीटकव्हरवाल्याला आकार बघूनच कळतं. बाहेरून पॅराशूट कापड, मध्ये १० एमएम फोम, आतून मऊ अस्तर. माप स्वतः घेऊन जाऊ नका, कॅबिनेटच घेऊन जा. कोपऱ्यांची जाडी आणि हँडलचा खड्डा मापात उतरत नाही. मी आधी कागदावर माप नेलं होतं, कव्हर आलं ते मुलाला मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखं.

तीन गोष्टी आवर्जून सांगा. हँडलच्या जागी खाच आणि त्यावर झाकणपट्टी. खालची बाजू उघडी, नुसते दोन पट्टे. आणि शिवणी वरच्या बाजूला येऊ देऊ नका, पाणी सुईच्या भोकांतून झिरपतं. पावसाळ्यात वरून आणखी एक साधी प्लॅस्टिकची ताडपत्री टाकते, ती घरी पोहोचताच काढते. ओलं कॅबिनेट कव्हरमध्ये बंद करून ठेवलं की बुरशी धरते. माझ्या रेक्झिनवर पांढरे ठिपके आले होते, व्हिनेगरच्या फडक्याने गेले, वास आठवडाभर राहिला.

अवांतर: उंदीर आणि झुरळं पोर्टमधून आत जातात. मी वाजवत नसताना पोर्टमध्ये जुन्या उशीचा तुकडा कोंबते. एकदा काढायला विसरले आणि अख्खा कार्यक्रम वाजवला. खालचा सूर एवढा बारीक का येतोय म्हणून अॅम्पचा बेस वाढवत राहिले. घरी आल्यावर कळलं. आता उशीच्या तुकड्याला लाल रिबीन शिवली आहे, ती बाहेर लोंबते.

ओहम_शांती

त्या खर्रर्रकडे कोणी बघितलंच नाही. वरच्या कापडाइतकंच ते महत्त्वाचं.

ए तारेचा सी म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ. एकाच सुरावर खर्रर्र म्हणजे बहुतेक काहीतरी सैल आहे आणि त्या सुराला कंप पावतंय, किंवा कुठून तरी हवा गळतेय. फोनवर टोन जनरेटर घ्या, अॅम्पमध्ये जोडा, आवाज मध्यम ठेवून ४० पासून ९० पर्यंत हळूहळू चढवा. खर्रर्र सुरू झालं की तिथे थांबा आणि एकेका भागावर हात दाबा: जाळी, हँडल, जॅकची पाटी, चाकं. ज्यावर हात ठेवल्यावर आवाज बंद होतो तो चोर. गळती शोधायला उदबत्ती. तोच सूर चालू ठेवून उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून सावकाश न्या. पोर्टपाशी धूर नाचणारच, पण भलत्या ठिकाणी थरथरला की तिथे फट आहे. उदबत्ती कोनपासून (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यापासून) लांब धरा, कोन कागदाचा असतो.

स्पीकर काढाल तेव्हा कॅबिनेट पाठीवर आडवं झोपवा आणि वरच्या ओळीपासून काढा. उभ्या खोक्यातून स्क्रू काढताना स्क्रू ड्रायव्हर सटकला की थेट कोनमधून आरपार. वायरी सुटण्याआधी फोटो. चार ८ ओहमचे स्पीकर दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या समांतर, असं असलं तर मिळून ८ होतात. एकाची वायर उलटी लागली तर तीन बाहेर ढकलतात आणि एक आत ओढतो, बेस पोकळ होतो, आणि तुम्ही दोष अॅम्पला द्याल. सगळं बसवल्यावर ९ व्होल्टची बॅटरी जॅकच्या तारांना क्षणभर टेकवा. चारही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत.

आणि राहिलं संरक्षण. कॅबिनेट बाहेरून जितकं मरत नाही तितकं आतून मरतं. पोर्टवालं खोकं ज्या सुराला लावलेलं असतं त्याच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट पुढे-मागे जायला लागतो. मोकळी ई तार ४१ हर्ट्झ, पाच तारी बेसची बी ३१. बी वाजवून वर अॅम्पचा बेस पूर्ण उजवीकडे फिरवला तर कमी वॉटमध्येही कोन फाटू शकतो. हाय-पास फिल्टर घ्या, ३०-३५ हर्ट्झच्या खालचं कापून टाका. ते फारसं ऐकू येत नाही, नुसतं कोन हलवतं. तुम्ही केबल कुठली वापरता?

खर्ज_पंचम

गिटारचीच. का?

ओहम_शांती

कारण विचारलं ते बरं झालं. गिटारच्या केबलमधली तार बारीक असते, अॅम्प ते कॅबिनेट तिच्यावर चालवू नका, गरम होते. तापकीर गल्लीतून जाड दोन तारांची स्पीकर केबल आणि स्पीकॉन प्लग घ्या. स्पीकॉन फिरवून बसतो, पाय अडकला तरी सुटत नाही. वाजवताना जॅक अर्धवट निघून शॉर्ट होण्याची भीतीही नाही.

जाळीत नाव कापण्याबद्दल: करा, पण पत्रा १.२ एमएमपेक्षा पातळ नको आणि अक्षरांना मोठ्या मोकळ्या जिभा ठेवू नका. ‘ळ’, ‘ख’ सारख्या अक्षरांच्या आतले तुकडे पुलाने जोडलेले राहतात, ते पूल रुंद हवेत, नाहीतर तेच गाणं म्हणतील. जाळीमागे चारी बाजूंनी फोमची पट्टी. कोनच्या कडेपासून जाळी बोटभर तरी लांब.

चौथी_तार

बँडचं नाव काय आहे?

खर्ज_पंचम

‘खळखळाट’ 🙂

पेठेतला_पाहुणा

म्हणजे खर्रर्र राहिलं तरी चालेल की.

रंधा

चाकांचं सांगायचं राहिलं. खाली चार चाकं कायमची लावू नका, वाजवताना कॅबिनेट चालायला लागतं आणि चाकंही वाजतात. अँपेग कंपनीचं ते ८ बाय १० आठवा, ज्याला फ्रिज म्हणतात. मागच्या कडेला चाकं, वर आडवी दांडी. मागे कलवलं की चालतं, उभं केलं की घट्ट. तुमच्या नव्या तळाला रबरी बूट लावा, इंचभर उंच. पुढच्या वेळी टेम्पोत पाणी साचलं तर तो इंच कामाला येईल.

खर्ज_पंचम (सहा आठवड्यांनी)

अपडेट द्यायला उशीर झाला, क्षमस्व.

तळ बदलला. जुनी फळी हाताने तुकडे करून निघाली, बिस्किटासारखी. १८ चा बर्च घेतला, परवडला, कारण तुकडा लहान लागला. नाण्याची टकटक दुकानात केली तेव्हा मालक म्हणाले, “नारळ घेताय का?”

उदबत्तीने चोर सापडला. डाव्या हँडलच्या खड्ड्यात धूर सरळ आत ओढला जात होता. चारपैकी दोन स्क्रूंनी पकडच सोडली होती. सायकलच्या ट्यूबचा गॅस्केट कापला, थोडे जाड स्क्रू लावले. सी आता स्वच्छ आहे.

रेक्झिन हिरवंच लावलं. मागच्या बाजूचे दोन जोड ब्लेडने एका दमात जमले, तिसऱ्याला फोन वाजला. तिथे दोन एमएमची फट आहे, ती भिंतीकडे करतो. कार्पेट काढायला मात्र अख्खा रविवार गेला आणि खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या, काय जळतंय म्हणून.

बॅटरीची चाचणी केली. वरचा उजवा कोन उलटा निघाला. मी फक्त फोटोप्रमाणे लावलं होतं, म्हणजे २०१६ पासून तो उलटाच होता. सुलटा केला. काल सरावाला ड्रमरने विचारलं, नवीन अॅम्प घेतलास का.

जाळी भोसरीला पावडर कोटिंगला दिली आहे, नावाशिवाय. ‘ळ’ चा पूल मला काही सुचला नाही. खर्च आतापर्यंत ७,४००, कव्हर बाकी. @चौथी_तार, सीटकव्हरवाल्याकडे कॅबिनेट नेतोच आहे, तर पोर्टच्या उशीसाठी कव्हरमध्येच एक खिसा शिवून घेऊ का?

चौथी_तार

घ्या. पण रिबीन लावाच.